‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ : अर्ध्यावर थांबलेली तपासणी

गेल्या उन्हाळ्यात वधू-वर परिचय मेळाव्यात आम्ही आरोग्याचे एक टेबल लावले होते. दुपारी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हातात घडी घालून घालून फाटायला आलेला कागद. मुलगी शाळेत असताना झालेल्या तपासणीचा. त्यावर एवढेच लिहिले होते : सिकलसेल पॉझिटिव्ह. या एका शब्दावर मुलीची दोन स्थळे मोडली होती. मुलीचे कधी हातपाय दुखले नाहीत, कधी रक्त चढवावे लागले नाही, दरवर्षी ती आईबरोबर धानाच्या रोवणीला जाते. आम्ही विचारले, नंतर दुसरी तपासणी केली का? वडील म्हणाले, “पॉझिटिव्ह आहे म्हणून सांगितले, मग अजून काय तपासायचे?”

तपासायचे राहिले होते तेच महत्त्वाचे. चंद्रपूर-गडचिरोलीत आपल्या किती घरांत असा कागद पेटीत पडून असेल, याचा विचार करून हा लेख लिहीत आहोत.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन कोणते बनणार, याची सूचना आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी मिळते. दोन्ही नेहमीच्या असल्या तर ‘एए’. एक नेहमीची आणि एक सिकलची असली तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या आल्या तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. वाहक हा आजारी नसतो. तो शेतात राबतो, अभ्यास करतो, त्याला औषध लागत नाही. रुग्णाच्या तांबड्या पेशी मात्र विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदना, कावीळ, वारंवार ताप आणि रक्त कमी होणे. एकाच शब्दात या दोघांना बसवणे म्हणजे दोघांवरही अन्याय आहे.

आणि शाळेतल्या, शिबिरातल्या पहिल्या तपासणीत नेमके तेच होते. तिला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. बोटातील रक्ताचा थेंब रसायनाच्या नळीत टाकतात आणि काही मिनिटांनी नळीमागे रेघा असलेला कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ‘पॉझिटिव्ह’. चाचणी स्वस्त आहे, झटपट आहे, हजारो मुले एका आठवड्यात तपासता येतात. पण द्रावण एएसचेही गढूळ होते आणि एसएसचेही. रक्तात सिकल आहे एवढेच ती सांगते, किती आहे ते सांगत नाही. ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. त्याला यंत्र, वीज आणि शिकलेला तंत्रज्ञ हवा, म्हणून ती मोठ्या दवाखान्यात होते. भामरागडचा नमुना तिथवर जायचा, निकाल परत यायचा, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. या जाण्यायेण्यात कितीतरी निकाल घरी पोहोचलेच नाहीत. कागदावर पहिला शब्द तेवढा राहिला.

ही उणीव भरून काढणाऱ्या नव्या पट्ट्या आता आल्या आहेत. त्यांना बायोसेन्सर म्हणतात. शब्द अवघड वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. साखर मोजायचे घरगुती यंत्र हा बायोसेन्सरच : पट्टीवरचे एन्झाइम रक्तातील साखर ओळखते, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि यंत्र तो आकड्यात दाखवते. गरोदरपणाची पट्टी आणि कोविडमध्ये सगळ्यांनी पाहिलेले किट हेही त्याच कुळातले. त्यात यंत्राऐवजी रेषा बोलते. पट्टीवर ठरावीक पदार्थालाच चिकटणारी प्रतिद्रव्ये बसवलेली असतात. रेषेचा लालसर रंग बहुतेक वेळा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. (सोने ऐकून कुणी पट्ट्या जमवू नयेत, काही निघणार नाही.)

सिकलसेलच्या पट्टीवर हिमोग्लोबिन ए आणि हिमोग्लोबिन एस यांना वेगवेगळे ओळखणारी प्रतिद्रव्ये असतात. थेंबभर रक्त, दहा-पंधरा मिनिटे, आणि एए, एएस की एसएस हे गावातच कळते. वीज नको, नमुना पाठवायला नको. नवजात बाळाच्या रक्तात सिकलचा अंश थोडा असतो. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटी चाचणीचा भरवसा नाही. चांगल्या पट्टीत मात्र तो थोडा अंशही दिसतो.

पण पट्टी स्वतःच वाचायला जाऊ नका. एका प्रकारच्या पट्टीत रेषा उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे, तर दुसऱ्या प्रकारात रेषा गायब झाली म्हणजे ते आहे! वाचन उलटे झाले तर निरोगी माणूस रुग्ण ठरेल. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते आधी सांगा, कारण दात्याचे रक्त मिसळल्याने निकाल फसवा येतो. आणखी एक मर्यादा आहे. थॅलेसेमियाचा दोष पट्टीला दिसत नाही. सिकल आणि थॅलेसेमिया दोन्ही असलेला माणूस पट्टीवर कधी नुसता वाहक वाटतो आणि प्रत्यक्षात आजारी असतो. म्हणून कागदावर एएस आणि तब्येत सतत बिघडलेली, असे असेल तर एचपीएलसीचा आग्रह धराच.

मेळाव्यातील त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. तपासणीत ती एएस निघाली, म्हणजे निव्वळ वाहक. तंत्रज्ञाने घरच्या सगळ्यांना बोलावले. आई-वडील दोघेही एएस. आणि धाकटा भाऊ, जो लहानपणापासून ‘नाजूक’ म्हणून ओळखला जायचा, ज्याच्या दुखण्यावर तेल चोळून आणि अंगारे लावून झाले होते, तो एसएस. शाळेत तपासणी झाली त्या दिवशी तो तापाने घरीच होता. त्यामुळे त्याचा कागदच नव्हता. आता तो हायड्रॉक्सियुरिया आणि फोलिक ॲसिड घेतो. हायड्रॉक्सियुरिया कर्करोगातही वापरतात हे ऐकून घरचे घाबरले होते. सिकलसेलमध्ये ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत देतात आणि वेदनांचे झटके कमी होतात. भरपूर पाणी, थंडी आणि अति श्रमापासून जपणे हे सोबत हवेच.

हा आजार आपल्याकडेच का, असा प्रश्न नेहमी येतो आणि त्यामागे ‘रक्तात दोष’ ही कुजबुज असते. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. पुढच्या पाहण्यांत तो बौद्ध समाजात, गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आणि इतर जातींतही आढळला. त्याचे कारण आहे डास. १९५४ मध्ये ॲलिसन या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले की वाहकाला फाल्सिपेरम हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे हा गुण टिकला. यात कुळाचा, जातीचा, मागच्या जन्माचा काही संबंध नाही.

मात्र यातूनच एक घातक गैरसमज निघतो : सिकलसेल असला की हिवताप होत नाही. संरक्षण फक्त वाहकाला आणि तेही अपुरे. एसएस रुग्णाला हिवताप झाला तर रक्त झपाट्याने उतरते, जीव जाऊ शकतो. गडचिरोली हा राज्यातला सर्वाधिक हिवतापाचा जिल्हा मानला जातो. म्हणून एसएस लेकराला ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडून हिवतापाची पट्टी करून घ्यावी आणि ती निगेटिव्ह आली तरी दवाखान्यात न्यावे, कारण इतर जंतुसंसर्गही त्याला तितकेच भारी पडतात. ही पट्टी जंतूने रक्तात सोडलेली प्रथिने ओळखते. फाल्सिपेरमचे प्रथिन बरे झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते, तेव्हा लगेच पुन्हा केलेली पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे औषध लागू पडले नाही असे नव्हे. तिथे काचपट्टीवरचा रक्तनमुना तपासावा लागतो.

लग्नाचे गणित थोडक्यात. एएसने एएशी लग्न केले तर उपाय नाही. असे एक चिठ्ठीवर लिहून आलेले आम्ही मेळाव्यात वाचले, ते चूक आहे. एएस आणि एए यांच्या पोटी एकही रुग्ण जन्मत नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता एसएसची असते, आणि पहिले मूल एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नाही. अशा जोडप्याला गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत मोठ्या केंद्रात करून घेता येते. म्हणून मुलीचा कागद मागणाऱ्यांनी मुलाचाही दाखवावा. त्या मुलीच्या वडिलांनी पुढच्या स्थळाला तेच विचारले. मुलाची तपासणी झालेलीच नव्हती. ती झाली, एए आली.

चंद्रपूरला आयसीएमआरचे हिमोग्लोबिनच्या आजारांचे संशोधन व उपचार केंद्र आहे, ते ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला समर्पित झाले. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी व्हायची आहे. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जुना कागद घेऊन जा आणि ‘पॅटर्न कोणता, एएस की एसएस?’ एवढे विचारा. एसएस निघाल्यास २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार समाविष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो, आणि एसटीच्या साध्या गाडीत रुग्णाला प्रवास मोफत आहे. त्यासाठीही कागदावर ‘पॉझिटिव्ह’ नव्हे, ‘एसएस’ लिहिलेले लागते.