समजून घ्या : मोठ्या यानाच्या प्रतिकृतीवर बारीक रेषाच का शोभतात?

अमरावती/अकोला : चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले आणि महिनाभरातच आलेल्या गणेशोत्सवात राज्यात ठिकठिकाणी त्याचे देखावे उभे राहिले. अमरावती असो की अकोला, यानाची प्रतिकृती करायची म्हटले की सांगाडा, पुट्टी आणि रंग हाच क्रम. सांगाडा उत्तम जमतो. पण रंग लागला की एक यान खरे वाटते आणि दुसरे खेळणे. हा फरक कशामुळे पडतो?

रेषेचे गणित काय?

चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटची उंची ४३.५ मीटर. मंडपात त्याची ४.३५ मीटरची प्रतिकृती केली, तर प्रमाण होते १० ला १. अशा प्रतिकृतीवर ब्रशने ओढलेली ५ मिलिमीटरची काळी रेषा म्हणजे खऱ्या रॉकेटवर ५ सेंटिमीटरची भेग! पाहणाऱ्याला हे गणित ठाऊक नसते, पण डोळ्याला ते खटकते. रेषा जाड झाली की वस्तू लहान वाटू लागते.

‘स्टार ट्रेक’च्या यानाचे काय झाले?

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेत आहे. ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी १९६४ मध्ये ‘एंटरप्राइज’ यानाचे सुमारे ३.४ मीटर लांबीचे मॉडेल लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक वापरून तयार झाले. कथेतील यान सुमारे २८९ मीटरचे, म्हणजे प्रमाण साधारण ८५ ला १. येथे १ मिलिमीटरची रेषादेखील साडेआठ सेंटिमीटरची ठरते. म्हणूनच तबकडीच्या वरच्या भागावरील जोडरेषा फक्त पेन्सिलीने, अगदी फिकट काढल्या होत्या.

हे मॉडेल १९७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आले. १९९१ च्या दुरुस्तीत त्यावर ठळक रेषा आणि छटा रंगवल्या गेल्या. काम मेहनतीचे होते. पण मालिकेच्या अनेक चाहत्यांना ते मूळ यान वाटेना. सुदैवाने तबकडीचा वरचा भाग तेव्हा पुन्हा रंगवला गेला नव्हता. पुढच्या दुरुस्तीत तोच पुरावा ठरला. तज्ज्ञांनी इतर ठिकाणी रंगाचे थर हळूहळू घासून मूळ छटा शोधली, जुनी छायाचित्रे ताडून पाहिली आणि १९६७ मधील रूप परत आणले. २०१६ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी, मॉडेल वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पुन्हा मांडले गेले. मूळ रंगाचा तो भाग मात्र तसाच जपला आहे.

रंग चमकदार असावा का?

१९७९ च्या चित्रपटासाठी झालेल्या नव्या ‘एंटरप्राइज’वर मोतिया रंगाच्या असंख्य छोट्या पट्ट्या होत्या. प्रकाशाचा कोन बदलला की छटा बदलत. मात्र पुढच्या चित्रपटाच्या वेळी चित्रीकरणात ही चमक अडचणीची ठरली आणि ती कमी करावी लागली. मंडपातील हॅलोजनखालीही हेच होते : चमकदार रंगावर दिवा दिसतो, बारकावे दिसत नाहीत.

देखावा करताना काय करावे?

• आधी प्रमाण काढा, मग रेषेची जाडी ठरवा.
• पाया मॅट रंगाचा द्या.
• पत्र्यांचे चौकोन दाखवायला काळी चौकट नको. मूळ रंगात थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळा आणि मास्किंग टेप लावून स्प्रे मारा.
• जोडरेषा पट्टी धरून पेन्सिलीने काढा. वरून मॅट क्लिअरचा पातळ हात द्या.
• दर थोड्या वेळाने लोक उभे राहतील तितक्या अंतरावर जाऊन पाहा. रेषा आधी नजरेत भरली आणि यान नंतर, तर ती पुसून फिकट करा.
• मागची बाजू दिसणारच नसेल, तर तिथे वेळ घालवू नका. मूळ ‘एंटरप्राइज’चेही बारकाम मुख्यतः कॅमेऱ्यासमोरच्या बाजूलाच होते, दुसऱ्या बाजूने दिव्यांच्या वायरी बाहेर काढल्या होत्या.