बीट दोघांची, मग नाव एकाचेच का?

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंबसारख्या गावांतही आज नवा कलावंत तयार होतो आहे. घरातली एक खोली, जुना संगणक, एक माइक आणि हेडफोन एवढेच त्याचे भांडवल. १४ एप्रिल जवळ आला की अशाच मुलांच्या बीटवर गावोगावच्या मिरवणुका चालतात. स्टुडिओचे भाडे परवडत नाही, पुण्या-मुंबईत ओळख नाही. म्हणून ही मुले इंटरनेटवरून नागपूर, दिल्ली, चेन्नईच्या संगीत निर्मात्यांना गाठतात आणि म्हणतात, 'दादा, आपण मिळून एक गाणे करू.'

या धडपडीचे स्वागतच केले पाहिजे. पण विचारायचे कसे आणि ठरवायचे काय, हे या मुलांना कोणी सांगितलेले नाही.

कळंबच्या शेजारचेच नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथल्या विठाबाईंनी महाराष्ट्राला रात्र रात्र जागवले. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या गाठीला काय होते? आमच्या माणसांच्या कलेवर इतरांनी पैसा केला, कलावंत मात्र रिताच राहिला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आपल्या गीताच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा गुंफत. गाणे कोणीही गावो, कवीची सही गाण्यातच असे. बीटला अशी नाममुद्रा नसते. काही निर्माते सुरुवातीला आपले नाव आवाजात टाकतात; मिक्सिंग करणारा ते सहज कापतो.

तामिळनाडूचे उदाहरण ताजे आहे. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे आले. शब्द आंबेडकरी विचारांचा रॅपर अरिवु याचे, श्रीलंकेच्या मळ्यात राबलेल्या त्याच्या आजीच्या आठवणीतून आलेले. सोबत गायिका धी आणि संगीतकार संतोष नारायणन. गाणे जगभर गाजले. पण त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर अरिवु नव्हता. २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात हे गाणे त्याच्याशिवाय सादर झाले. मग श्रेय कोणाचे, यावर दोन्ही बाजूंनी जाहीर निवेदने निघाली. २०२४ मध्ये तर संतोष नारायणन यांनीच या गाण्यातून आपल्याला काहीही मिळाले नसल्याचे सांगितले. एवढ्या नामवंतांची ही गत, तर कळंबच्या पोराचे काय?

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एका गाण्यात अनेक हक्क असतात. शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा. गायक-वादकालाही कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहे. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' अशी ओळ दिसली की सही करण्याआधी थांबा. हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही. निर्मिती झाली की हक्क जन्मतो. मात्र आपणच निर्मिती केली, हे दाखवता आले पाहिजे. त्यासाठी मूळ फाइल, तारखा आणि एकमेकांना पाठवलेले संदेश जपून ठेवा.

आता विचारण्याबद्दल. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. ज्याला लिहिता त्याचे काम आधी ऐका आणि त्यातले नेमके काय भावले ते लिहा. आपल्या कामाचा एक मिनिटाचा नमुना द्या. आपण काय देणार ते सांगा: शब्द, चाल, आवाज की हलगी-ढोलकीचे रेकॉर्डिंग. 'एक चान्स द्या' असे लिहू नका. हलगीचा जो ठेका तुमच्या हाताला आहे तो चेन्नईच्या निर्मात्याकडे नाही; तुम्ही बरोबरीच्या नात्याने लिहिता आहात. होकार आला तरी गाण्याचे सुटे ट्रॅक लगेच पाठवू नका. आधी एक पान लिहा: कोणाचे नाव कुठे येणार, मिळकतीत कोणाचा किती टक्के हिस्सा, गाणे कोणाच्या खात्यावरून प्रसिद्ध होणार, आणि पुढे रिमिक्स करायचे तर कोणाला विचारायचे. दोघांनी सही करावी, एकेक प्रत ठेवावी. गाणे गाजण्याआधी हे पान लिहायला दहा मिनिटे लागतात. गाजल्यानंतर कोर्टात वर्षे जातात.

जयंती मंडळांनीही विचार करावा. मंडपाला, रोषणाईला आणि डीजेला पैसे मोजता, तर ज्याच्या बीटवर नाचता त्याचे नाव फलकावर का नसावे? कवी, गायक आणि बीट करणारा या तिघांची नावे लावा, मानधन द्या. बाबासाहेबांचे नाव घेऊन वाजणाऱ्या गाण्यात श्रम करणारा बिननावाचा राहावा, हे या चळवळीला शोभत नाही.