स्ट्रिंडबर्ग कोणत्या कप्प्यात?

माणूस भेटला की आपण मनातल्या मनात त्याला एका कप्प्यात टाकून मोकळे होतो. हा घुमा, तो बोलघेवडा. हा हिशेबी, ती हळवी. या जुन्या सवयीला शास्त्राची चौकट दिली ती स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी. १९२१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल मांडले. विचार, भावना, संवेदन आणि अंतःस्फूर्ती या मनाच्या चार वाटा सांगितल्या. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी त्यावरून सोळा प्रकारांची प्रश्नावली तयार केली.

आता ही पट्टी स्वीडिश नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्गला लावून पाहू. जन्म १८४९, मृत्यू १९१२. युंगचा ग्रंथ येण्याआधीच तो गेला. तेव्हा त्याची उत्तरे आपणच त्याच्या आयुष्यातून शोधायची.

पॅरिसच्या मुक्कामात तो एकट्याने सोने बनवण्याचे प्रयोग करीत होता. १८९६ पासून बारा वर्षे त्याने गूढ अनुभवांची रोजनिशी ठेवली. वाटते, हा पक्का अंतर्मुख. पण १८८४ मध्ये त्याच्या कथासंग्रहावर धर्मनिंदेचा खटला भरला गेला, तेव्हा हाच माणूस स्वित्झर्लंडहून परतला, स्टॉकहोमच्या न्यायालयात उभा राहिला आणि निर्दोष सुटला. आयुष्याच्या अखेरीस वर्तमानपत्रांतून त्याने साऱ्या साहित्यविश्वाशी भांडण मांडले. हा एकांतप्रिय माणूस चव्हाट्यावर रमणाराही होता.

विचारी म्हणावे, तर राजग्रंथालयात नोकरी करताना तो चिनी भाषा शिकला, रसायनशास्त्रात रमला. भावनाप्रधान म्हणावे, तर तीन लग्ने केली आणि तिन्ही मोडली.

असा अंदाज बांधणे हा खेळ असतो, तोवर ठीक. पण १९२२ मध्ये कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने स्ट्रिंडबर्गच्या लेखनावरून त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान केले. पुढच्या अनेक अभ्यासकांना ते पटले नाही. 'इन्फर्नो' या पुस्तकातला 'मी' म्हणजे केसपेपरवरचा रुग्ण नव्हे. ते एका मुरलेल्या लेखकाने रचलेले पात्रही आहे. आम्हा कवींना हे चांगले ठाऊक असते. कवितेतला 'मी' दर वेळी कवीच असतो असे नाही.

आणि गंमत पाहा. १८८८ मध्ये 'मिस ज्युली'च्या प्रस्तावनेत स्ट्रिंडबर्गनेच ठरीव साच्याच्या पात्रांवर टीका केली होती. आपली माणसे जुन्या-नव्याच्या तुकड्यांनी जोडलेली आहेत, असे त्याचे म्हणणे. आपल्या भाषेत सांगायचे तर गोधडी.

कविसंमेलनात निवेदक माझी ओळख एका विशेषणात उरकतो, तेव्हा मला ही प्रस्तावना आठवते. ते विशेषण खोटे नसते. पण गोधडीचा तो एकच तुकडा असतो. स्ट्रिंडबर्गला 'अंतर्मुख' म्हणायचे असेल तर जरूर म्हणा. फक्त त्यानंतर त्याचे नाटक वाचायला घ्या.