वीस मिनिटांचा सांधा

ओट्याची पुढची कड दीड इंच जाड दिसते, पण ग्रॅनाइटची लादी असते जेमतेम पाऊण इंचाची. उरलेली जाडी खालून चिकटवलेल्या पट्टीची. एका नव्या घरातल्या ओट्यावर बोट फिरवून मी तो सांधा शोधत होतो आणि तो सापडेना. म्हणून तो जोडणाऱ्यांकडेच गेलो.

मिरजेबाहेर रस्त्याला लागून पत्र्याची शेड. कटरचा आवाज, सगळीकडे राखाडी चिखल. दगड कापायचा, पट्ट्या धुऊन उन्हात सुकवायच्या, थिनरच्या फडक्याने पुसायच्या. जरा भुकटी राहिली तरी गोंद दगडाऐवजी भुकटीला धरतो.

मिस्त्री मकराण्याकडचा. फुटक्या टाइलवर त्याने दोन डब्यांतून सारखे दोन गोळे काढले, चिमूटभर काळा रंग टाकला आणि लोखंडी पातीने घोटू लागला. नाकाला झोंबणारा, शिळ्या मासळीसारखा वास सुटला. "वीस मिनिटं," तो म्हणाला. "त्यात बसलं तर बसलं."

एका डब्यात एपॉक्सी रेझिन होतं, दुसऱ्यात हार्डनर. रेझिन बनतं बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून. त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं इवलंसं कडं असतं, वाकवून बांधलेल्या बांबूसारखं ताणलेलं. वास येत होता तो हार्डनरमधल्या अमाइनचा. अमाइन ते कडं उघडतं, स्वतः तिथे जोडलं जातं, आणि रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं होतं. पाणी किंवा द्रावक उडून जाण्याचा प्रश्नच नसल्याने गोंद फारसा आकसत नाही. उघडलेल्या प्रत्येक कड्याच्या जागी हायड्रॉक्सिल गट तयार होतो, आणि तो दगडाच्या, धातूच्या पृष्ठभागाला ओढून धरतो. पिएर कास्टान या स्विस रसायनज्ञाने १९३०च्या दशकात हे रेझिन तयार केलं ते कवळ्यांसाठी. सीबा कंपनीने १९४६ मध्ये त्याचं 'आरल्डाइट' लोकांपुढे आणलं.

हाताखालचा पोरगा लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनरचा आणखी एक गोळा टाकायला गेला. मिस्त्रीने हात धरला. पोराला सवय पॉलिएस्टर मॅस्टिक या दुसऱ्या गोंदाची. तिथे हार्डनर फक्त क्रिया सुरू करून देतो, थोडा जास्त पडला तर काम लवकर उरकतं. इथे तो अर्धा भागीदार आहे. जास्त झाला तर जोडीदाराविना उरतो आणि सांधा कायमचा कच्चा राहतो.

घोटलेला गोंद मिस्त्री टाइलवर पातळ पसरून ठेवतो. डब्यात ढीग करून ठेवला तर क्रियेची उष्णता आतच कोंडते आणि वीस मिनिटांची दहा होतात. उन्हाळ्यात तर ती तशीही कमी होतात. पट्टी बसवून तो शिकंजे आवळतो, तेही बेताने. फार आवळलं तर गोंद बाहेर येऊन सांधा कोरडा पडतो. पॉलिश दुसऱ्या दिवशी.

हे सगळं पाहताना माझी नजर त्याच्या बोटांवर जात राहिली. बेचक्यांतली कातडी लाल, भेगाळलेली. काम झाल्यावर त्याने हात थिनरने पुसले. थिनर कातडीचं तेल काढून घेतो आणि रेझिनला आत शिरायला वाट करून देतो. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, मग नुसत्या थेंबानेही पुरळ उठतं. हातमोज्यांचं विचारलं तर म्हणाला, "साहेब, वीस मिनिटांत काढू कधी आणि घालू कधी?" त्याचं गणित मला पटतं. शेडच्या मालकाचं पटत नाही. शेडमध्ये मला हातमोज्यांचा एकही खोका दिसला नाही. पुऱ्या ओट्याच्या बिलात नायट्राइलच्या हातमोज्यांच्या खोक्याची किंमत कुणाला जाणवणारही नाही.

तुम्ही ओटा करून घेणार असाल तर दोन गोष्टी करा. सांध्याला पुरा एक दिवस द्या आणि नंतरही तापलेला कुकर कडेवर ठेवू नका, कारण साध्या हवेत घट्ट झालेला हा गोंद साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. आणि भाव ठरवतानाच नायट्राइलच्या हातमोज्यांचे पैसे वेगळे द्या, मिस्त्रीच्या हातात ते दिसल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.