सरळ-आठ इंजिनाची कार्यक्षमता-वृद्धी : ब्यूइकच्या ३२० घन इंची इंजिनाच्या संदर्भात

प्रास्ताविक : आठ सिलिंडर एकाच ओळीत मांडलेले इंजिन, म्हणजेच ‘सरळ-आठ’ (स्ट्रेट-एट), हे १९२० ते १९५० या काळातील उंची मोटारींचे वैशिष्ट्य होय. इटलीच्या इसोटा फ्रास्कीनी कंपनीने १९१९ साली अशी मोटार बाजारात आणली. पुढे अमेरिकेत ड्यूसेनबर्ग, पॅकार्ड, पाँटिॲक, ब्यूइक इत्यादींनी ही रचना स्वीकारली. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३० च्या दशकात घडविलेली ड्यूसेनबर्गही याच कुळातील. आज या इंजिनांचे सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत. तरीही त्यांची शक्ती वाढविण्याचा मोह संग्राहकांना होतो. असे फेरबदल कितपत शास्त्रीय ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात ब्यूइकच्या ३२० घन इंची इंजिनाच्या आधारे केला आहे.

हेच इंजिन निवडण्याचे कारण असे की, त्याच्या निर्मात्याने स्वतःच ते टप्प्याटप्प्याने वाढविले. १९३६ साली आलेल्या या इंजिनाची शक्ती १९४० मध्ये १४१ अश्वशक्ती होती. ती १९४१ मध्ये १६५ झाली आणि १९५२ मध्ये, म्हणजे या इंजिनाच्या अखेरच्या वर्षी, १७० वर पोहोचली. त्यानंतर व्ही-आठ इंजिनाने त्याची जागा घेतली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की, १९४१ ची झेप मोठी आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांची वाढ अवघी पाच अश्वशक्तीची आहे. या रचनेला कोठेतरी मर्यादा होती, हे उघड आहे.

मर्यादेचे मूळ : ही मर्यादा प्रामुख्याने लांबीत आहे. आठ सिलिंडरांची ओळ म्हणजे तितकाच लांब क्रँकशाफ्ट (भुजादंड). दंड जितका लांब, तितका तो पिळाला कमी दाद देतो असे नव्हे, तर अधिक देतो. प्रत्येक ज्वलनाच्या धक्क्यासरशी तो किंचित पिळतो व पुन्हा सुटतो. धक्क्यांची वारंवारिता दंडाच्या नैसर्गिक वारंवारितेशी जुळली की कंपने वाढत जाऊन दंड मोडण्यापर्यंत मजल जाते. म्हणूनच दंडाच्या पुढील टोकास कंपनशामक बसविलेला असतो. त्यातील लवचीक भाग जुना झाला असल्यास इतर कोणत्याही सुधारणेपूर्वी तो बदलणे अगत्याचे आहे. या दोषाची जाणीव युरोपीय अभियंत्यांनाही होती. आल्फा रोमिओच्या ८सी इंजिनात कॅमशाफ्ट चालविणारी दंतचक्रे दंडाच्या मध्यभागी ठेवली होती, ती याच कारणास्तव.

दुसरी अडचण पिस्टनच्या धावेची. या इंजिनाची धाव ४ ५/१६ इंच, म्हणजे सुमारे १०९.५ मिलिमीटर आहे. मिनिटास ३८०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदास सुमारे १३.९ मीटर होतो. फेरे ४५०० पर्यंत नेल्यास जडत्वबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. हा सर्व भार केवळ पाच मुख्य बेअरिंगांवर व कनेक्टिंग रॉडांवर येतो. जुन्या इंजिनांत रॉडची बेअरिंगे बॅबिट धातू ओतून केलेली असत. पातळ कवचाची सुटी बेअरिंगे १९४० च्या दशकाअखेर आली. त्यामुळे फेरे वाढवून शक्ती मिळविण्याचा मार्ग येथे जवळजवळ बंदच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संपीडन गुणोत्तर : हेड तासून संपीडन वाढविणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय. त्याचा हिशेब मात्र क्वचितच केला जातो. प्रत्येक सिलिंडरचे घनफळ ४० घन इंच, म्हणजे सुमारे ६५५ घन सेंटिमीटर आहे. गुणोत्तर ७ वरून ८ वर नेण्यासाठी ज्वलनकक्ष १०९ वरून ९४ घन सेंटिमीटरपर्यंत आणावा लागतो. कक्षाचे क्षेत्र सिलिंडरच्या व्यासाएवढे धरले तरी सुमारे अडीच मिलिमीटर धातू तासावा लागेल. आदर्श ऑटो चक्रानुसार कार्यक्षमता ५४.१ वरून ५६.५ टक्क्यांवर जाते. म्हणजे शक्तीतील वाढ चार टक्क्यांच्या आसपास. इतक्या अल्प लाभासाठी हेड पातळ होते, पाण्याच्या मार्गावरील धातू कमकुवत होतो आणि पुशरॉड लांब ठरल्याने झडपांची भूमिती बिघडते. पॅकार्ड, पाँटिॲक यांसारख्या बाजूच्या झडपांच्या इंजिनांत तर तासलेले हेड झडपेवरील वायुमार्गच आवळते.

वायुमिश्रणाचे वाटप : खरी संधी येथे आहे. एकच कार्बुरेटर मधोमध असला की टोकाच्या सिलिंडरांपर्यंतचा मार्ग लांबतो, पेट्रोल नळीच्या भिंतीवर साठते आणि काही सिलिंडर भुकेले, तर काही तुडुंब राहतात. आठही स्पार्क प्लग काढून त्यांचे रंग शेजारी-शेजारी पाहिले तर हे विनासायास कळते. ब्यूइकने १९४१ मध्ये यावर ‘कंपाउंड कार्बुरेशन’ योजले : दोन कार्बुरेटर, पैकी पुढचा सतत चालू आणि मागचा ॲक्सिलरेटर अधिक दाबल्यावरच उघडणारा. त्या वर्षीच्या वाढीत याचा व वाढीव संपीडनाचा, असा दोहोंचा वाटा आहे. ही यंत्रणा जुळविण्यास किचकट असल्याने युद्धोत्तर मोटारींतून ती वगळली गेली. पुष्कळ मालकांनीही ती काढून टाकली, हे दुर्दैवच. कारण ती मूळ रचनेशी सुसंगत आहे आणि हवी तेव्हा काढता येते. जुनी वाहने शक्यतो पूर्ववत करता येतील अशाच रीतीने हाताळावीत, असा आग्रह आंतरराष्ट्रीय प्राचीन-वाहन महासंघाच्या २०१२ च्या ट्युरिन सनदेतही आहे. तासलेला धातू परत लावता येत नाही.

इंधनाचा प्रश्न : भारतात ही बाब अधिकच निकडीची आहे. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यापासून जुन्या झडपांच्या बैठकी घासण्याची शक्यता वाढली. तेथे कठीण धातूची कडी बसविणे योग्य ठरते. आता वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र मिळते. त्याचा ऑक्टेन अंक चांगला असल्याने ठोका कमी होतो खरा. परंतु पूर्ण ज्वलनास लागणारे हवा-इंधन गुणोत्तर १४.७ वरून सुमारे १३.५ वर उतरते, म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण आठेक टक्क्यांनी विरळ होते. विरळ मिश्रणाने निष्कास झडपा जळतात. शिवाय इंधनपंपातील जुना रबरी पडदा व बुचाचा तरंगक इथेनॉलने खराब होतो. तेव्हा आपल्याकडील सरळ-आठाच्या बाबतीत मोठ्या मापाचे जेट, इथेनॉल-सह्य पडदा आणि नवा कंपनशामक हीच पहिली ‘कार्यक्षमता-वृद्धी’ समजावी. दुसऱ्या कार्बुरेटरचा क्रम त्यानंतर लागतो.