खेळताय की हजेरी लावताय?

'अचीव्हमेंट अनलॉक्ड' असं स्क्रीनवर झळकलं की भारी वाटतं. पण त्या एका ओळीपायी आपण खेळाचं काय करून ठेवतो?

रात्रीचे साडेअकरा. सावेडीतली कॉट बेसिसची एखादी खोली घ्या, नाहीतर राहुरीचं, लोणीचं हॉस्टेल. चार मोबाइल चार्जिंगला, कानात इअरफोन, बीजीएमआय सुरू. आणि मग ते वाक्य येतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं, किंवा स्वतःच म्हटलेलं: 'आज त्याला नको घेऊ रे, मायनस लागतंय.'

'तो' म्हणजे ज्याचा नेम जरा कच्चा आहे. ज्याचा फोन जुना आहे आणि ऐन फाइटमध्ये हँग होतो. सुरुवातीला स्क्वॉडमध्ये सगळ्यात जास्त हसवायचा तोच. पण आता सीझन संपायला चार दिवस उरलेत, रँक पुश चालू आहे, म्हणून त्याच्या जागी कुणीतरी अनोळखी 'प्रो' भिडू आलाय.

गेममधल्या अचीव्हमेंट, ट्रॉफी, टायटल यांनी खेळायची मजा वाढते की मरते, यावर गेमर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. आपल्याकडे तो वाद कन्सोल आणि पीसीपुरता नाही. तो खिशातल्या मोबाइलमध्ये आहे आणि त्याची किंमत कधीकधी एका मित्राला मोजावी लागते.

शर्टावरच्या बिल्ल्यापासून प्लॅटिनमपर्यंत

बक्षिसाची ही आयडिया नवी नाही. १९८२ मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीचा 'पिटफॉल' आला, तेव्हा २०,००० पॉइंट झाले की टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो काढून पोस्टानं पाठवायचा आणि कंपनी शर्टाला शिवायचा कापडी बिल्ला पाठवायची. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि प्रत्येक अचीव्हमेंटचे पॉइंट 'गेमरस्कोअर'मध्ये जमा व्हायला लागले. २००८ मध्ये प्लेस्टेशननं ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि सगळं मिळवलं की प्लॅटिनम अशा ट्रॉफी आणल्या. स्टीमवर तर कुठली अचीव्हमेंट किती टक्के लोकांना मिळाली, हेही दिसतं.

बिल्ला आणि गेमरस्कोअर यांत एक मोठा फरक आहे. बिल्ला एका खेळाचा होता. गेमरस्कोअर खेळाडूला चिकटतो, गेम बदलला तरी तो सोबत येतो. म्हणजे आता एक गेम खेळता खेळता त्याच्या बाहेरचा दुसराही गेम आपण खेळत असतो.

थांबवणारी अचीव्हमेंट

तरी सगळ्या अचीव्हमेंट वाईट, असं म्हणणं चूक आहे. २००७ च्या 'हाफ-लाइफ २: एपिसोड टू'मध्ये एक भन्नाट अचीव्हमेंट आहे. गेमच्या सुरुवातीला बागेत ठेवतात तसा एक बुटका पुतळा सापडतो. तो अख्ख्या गेमभर सोबत न्यायचा आणि शेवटी रॉकेटमध्ये ठेवायचा. गोळीबार चालू, गाडी उधळतेय आणि आपण पुतळा सांभाळतोय! गेम तोच, पण खेळायची तऱ्हा पूर्ण बदलली. आणि हे सुचवलं कुणी? एका अचीव्हमेंटनं.

'माइनक्राफ्ट'मध्ये नवख्याला वाट दाखवायचं कामही अचीव्हमेंटच करायच्या: आधी लाकूड तोड, मग हत्यार बनव. 'द स्टॅनली पॅरेबल'नं तर या सगळ्याचीच टर उडवली. २०१३ मधल्या या गेममध्ये 'बाहेर जा' नावाची अचीव्हमेंट आहे. ती मिळवायला पाच वर्षं हा गेम खेळायचाच नाही! लोकांनी काय केलं? कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे सरकवलं. टर कुणाची उडाली ते कळलंच असेल.

आपल्या शेजारचं उदाहरण घेऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' आणला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ही गोष्ट. त्यात ठिकठिकाणी भिंतींवर चित्रं आहेत. त्यांच्यापाशी थांबलं की देवादिकांच्या कथा ऐकायला मिळतात. फक्त शेवट गाठायची घाई असेल, तर ती चित्रं नुसती मागे पडतात. जी अचीव्हमेंट अशा भिंतीपाशी तुम्हाला थांबवते, ती खेळ वाढवते. जी तिथून पळवते, ती खेळ खाते. साधा हिशोब आहे.

पळवणारी अचीव्हमेंट

बीजीएमआयमध्ये 'कॉन्करर' व्हायचं, तर नुसतं चांगलं खेळून भागत नाही. ते टायटल पहिल्या ५०० जणांचं. म्हणजे तुम्ही झोपलात तरी बाकीचे जागेच असतात आणि सकाळी तुम्ही खाली गेलेले असता. सीझन संपला की रँक उतरते, पुन्हा चढा. त्यात जास्त वेळ जिवंत राहिलं की पॉइंट वाचतात, म्हणून लोक घरात, बाथरूममध्ये दडून बसतात. कॅम्पिंग! ज्या गेममध्ये पॅराशूटनं उडी मारून धिंगाणा घालायचा, तिथं वीस-पंचवीस मिनिटं दाराआड बसून राहायचं. वर डेली मिशन, लॉगिन रिवॉर्ड आहेतच. कॉलेजातली ७५ टक्के हजेरी जड जाते, पण इथली मात्र चुकत नाही.

असं का होतं? १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलं की सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्याला ते न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं, ते पाहिलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. त्या सर्टिफिकेटचं नाव होतं 'गुड प्लेअर'!

म्हणजे घोळ बक्षिसात नाही. 'यासाठीच कर' असं आधी सांगून ठेवण्यात आहे. आवडीचं काम मग ड्युटी होतं.

दुसरी बाजूही आहे. सगळ्यांनाच कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ट्रॉफी मिळत नाही. साध्या फोनवर, अडखळत्या नेटवर एखाद्यानं एस टियर गाठला असेल, तर त्याचा अभिमान खोटा नाही. मेहनत त्याचीच आहे. प्रश्न एवढाच, की ती मेहनत करताना मजा येत होती का, आणि सोबत कोण होतं.

३० ऑक्टोबरची रात्र

२ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. कुणाचा क्राउन, कुणाचा कॉन्करर, सगळं बंद दाराआड गेलं. पुढे जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुन्या अकाउंटमधलं सामान हलवायची सोयही मिळाली. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून उतरला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या सगळ्यातून एक गोष्ट लख्ख कळते: टायटल आपल्या नावावर असतं, पण मालकीचं नसतं. मधल्या महिन्यांत ज्यांचं स्क्वॉड टिकलं, ते लुडो खेळले, कॅरम खेळले, नाहीतर चहाच्या टपरीवर बसले. ज्यांचं स्क्वॉड फक्त रँकसाठी होतं, त्यांच्याकडे चार अनोळखी युजरनेम उरली.

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कळसूबाई आहे. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिथं पोचणं ही अचीव्हमेंटच, फोटो तर हवाच. पण बारी गावातून चढताना एखाद्याला दम लागला, तर 'मायनस लागतंय' म्हणून त्याला खाली सोडून कुणी वर जात नाही. शिडीपाशी सगळे थांबतात, पाणी पितात, त्याची चेष्टा करतात आणि मग निघतात. उशीर होतो. पण नंतर वर्षभर किस्से रंगतात ते त्या शिडीचेच.

रँक पुश करण्याआधी स्वतःला विचारा

- ही अचीव्हमेंट कुणालाच दिसणार नसती, तरी मी हे खेळलो असतो का?
- ती मला गेममधलं काही नवीन दाखवतेय, की तेच ते पुन्हा करायला लावतेय?
- हिच्यापायी लॉबीतून कुणाला काढावं लागलं का? लागलं असेल, तर आज क्लासिक राहू दे. रूम लावा आणि त्याला इन्व्हाइट टाका.