किडा मरतो, डाग राहतो

मुलाला फिट आली की अजूनही कुणी कांदा हुंगवतो, कुणी नाकाला चप्पल लावतो, कुणी भगताचा पत्ता देतो. पण अनेक फिटांचे मूळ बाहेरच्या बाधेत नसून पोटातल्या जंतात असते. हा रोग जेथे पसरलेला आहे तेथील मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत कारण हेच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातून हा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात येतो. मेंदूचा रोग मात्र मांसातून थेट होत नाही. जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. न धुतलेले हात, कच्ची भाजी, घाण पाणी यांवाटे ती कुणाच्याही पोटात जातात आणि त्यांतली अळी रक्तातून मेंदूत पोचते. म्हणून शाकाहारी माणसालाही हा रोग होतो. खाण्यावरून कुणी हिणवले तर एवढे उत्तर पुरे.

अळीभोवती पाण्याची बारीक गाठ होते. ती वर्षानुवर्षे गप्प राहू शकते. अळी मरू लागली की सूज येते आणि फिट सुरू होतात. पूर्वी आपल्याकडे अशी एकच गाठ दिसली की क्षयाची समजून औषधे देत. १९८९ च्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा बऱ्याच गाठी या अळीच्या निघाल्या.

पुढे काही गाठी विरून जातात. काहींच्या जागी चुन्यासारखा कठीण कण उरतो; सीटी स्कॅनमध्ये तो पांढरा ठिपका दिसतो. किडा केव्हाच मेलेला असतो, पण त्या डागाभोवती पुन्हा सूज येऊन कित्येक वर्षांनीही फिट येऊ शकते. गाठ मेंदूतल्या पाण्याच्या वाटेत अडकली तर पाणी तुंबते. डोके दुखते, उलट्या होतात. कधी शस्त्रक्रिया करून नळी घालावी लागते.

म्हणून फिट थांबल्या म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. जंताचे औषधही परस्पर घेऊ नका. किडे एकदम मेल्याने मेंदूची सूज वाढू शकते. फिट आल्यास रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.

आणि मुलीचा आजार लपवू नका. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यातील विवाहाच्या अटींतून मिरगी १९९९ मध्येच वगळली गेली. कायद्याने काढलेला डाग आपण मुलीच्या कपाळी ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे.